कंपनी म्हणते, ‘दोष आढळला नाही’

वाचकाचे पत्र

मी हौस म्हणून लांब पल्ल्याची नेमबाजी करतो. वर्षभरापूर्वी रायफलसाठी बऱ्यापैकी महागाचा, 0.1 मिलच्या क्लिकचा स्कोप (नेम धरण्याची दुर्बीण) घेतला; मिल हे कोनाचे माप, आणि असा एक क्लिक 100 मीटरवर नेम 1 सेंटीमीटर सरकवतो. पहिल्या दोन महिन्यांतच झिरो, म्हणजे नेम आणि गोळी यांची जुळवलेली जागा, टिकेनासा झाला. टरेट (स्कोपवरचे नेम सरकवायचे बटण) चार क्लिक फिरवले तर कधी गोळी जागची हलतच नाही आणि पुढच्या एक-दोन बारांनंतर अचानक उडी मारते. कंपनीकडे स्कोप पाठवला; बऱ्याच दिवसांनी तो ‘तपासणी केली, दोष आढळला नाही’ अशा एका ओळीच्या चिठ्ठीसह परत आला. दुसऱ्यांदा पाठवला तेव्हा त्याऐवजी दुसराच स्कोप आला. त्याच्या नळीवर, स्कोप रायफलला धरून ठेवणाऱ्या रिंगांचे जुने ओरखडे आहेत आणि आतली फुली, म्हणजे नेमाच्या आडव्या-उभ्या रेषा, मला तिरकी दिसते. माझ्या प्रत्येक ईमेलला वेगळीच व्यक्ती उत्तर देते, पहिल्यापासून सगळे पुन्हा सांगायला लावते आणि आता तर उत्तर येणेही थांबले आहे. विक्रेता म्हणतो, कंपनीशी बोला. क्लबातले मित्र म्हणतात, दोष स्कोपचा नाही, तुझ्या हाताचा आहे. मी हे प्रकरण पुढे न्यावे, सगळी हकीकत जाहीरपणे मांडावी, की स्कोप विकून मोकळे व्हावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात दोन निरनिराळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि कंपनीशी चाललेला आपला पत्रव्यवहार फसण्याचे निम्मे कारण मला त्यातच दिसते. पहिला स्कोप झिरो धरत नव्हता, ही एक तक्रार. आता हातात असलेल्या दुसऱ्या स्कोपची फुली तिरकी आहे, ही दुसरी. पहिला स्कोप आपल्याकडे उरलेला नाही. त्याच्याविषयी जे काही सिद्ध करता आले असते, तेही त्याच्याबरोबरच गेले. म्हणून यापुढची लढाई लढायची असेल तर ती दुसऱ्या स्कोपवर लढावी लागेल आणि पहिल्याची हकीकत केवळ पार्श्वभूमी म्हणून, दोन वाक्यांत सांगावी लागेल. मात्र त्या दोन वाक्यांना वजन आहे. ज्या स्कोपमध्ये ‘दोष आढळला नाही’ तो कंपनीने पुढच्याच खेपेस बदलून का दिला, हा साधा प्रश्न आपण अजून विचारलेला दिसत नाही. कंपनी कदाचित म्हणेल की ग्राहक नाराज होऊ नये म्हणून दिला. म्हणू दे, पण ते तिला लेखी म्हणायला लावा.

आता त्या एका ओळीच्या चिठ्ठीविषयी. ती वाचून आपल्याला खोटेपणाचा संशय आला, हे स्वाभाविक आहे. पण ती चिठ्ठी प्रामाणिकपणे लिहिलेली असूनही चुकीची असू शकते, आणि ते कसे हे कळले की पुढचे पत्र कसे लिहायचे तेही आपोआप ठरते. स्कोपच्या बाहेरच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते. तिचे एक टोक सांध्यावर टेकलेले असते आणि दुसऱ्या टोकाला वरून व बाजूने टरेटचे स्क्रू रेटतात, तर समोरच्या बाजूने एक स्प्रिंग तिला त्या स्क्रूंवर दाबून धरते. आपण क्लिक फिरवता तेव्हा फिरतो तो स्क्रू. आतली नळी त्याच्या मागोमाग सरकते ती केवळ स्प्रिंगच्या जोरावर. स्प्रिंग मऊ असेल, सांधा घट्ट असेल किंवा स्क्रूच्या टोकाशी घर्षण जास्त असेल तर स्क्रू पुढे जातो आणि नळी मागे रेंगाळते, मग पुढच्या बाराच्या धक्क्याने ती एकदम जागेवर येऊन बसते. ‘चार क्लिक फिरवले तर गोळी हलत नाही, नंतर उडी मारते’ हे आपले वर्णन या बिघाडाशी तंतोतंत जुळते. टरेट फिरवल्यावर त्यावर बोटाच्या पेराने टकटक करण्याची जुन्या नेमबाजांची सवय याच आळशी नळीमुळे पडलेली आहे.

सेवा केंद्रात मात्र स्कोप सहसा कोलिमेटरसमोर (दूरच्या लक्ष्यासारखी खूण दाखवणाऱ्या उपकरणासमोर) स्थिर बसवला जातो, टरेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले जातात, फुली ठरल्याइतकी सरकते का आणि मूळ जागी परतते का हे पाहिले जाते. एवढ्या मोठ्या फेऱ्यात चार क्लिकांचे रेंगाळणे सहज झाकले जाते. शिवाय तिथे रायफलचा धक्का नसतो. काही कंपन्या धक्क्याचे यंत्र वापरून तपासणी करतात, पण आपला स्कोप त्या यंत्रावर ठेवला होता की नाही हे चिठ्ठीवर लिहिलेले नाही. तेव्हा ‘दोष आढळला नाही’ याचा अर्थ फार तर इतकाच की ज्या रीतीने शोधला त्या रीतीने तो दिसला नाही. कोणत्या रीतीने शोधला, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला हा सर्वांत उपयोगी प्रश्न आहे.

मित्रांचे म्हणणेही झटकून टाकू नये. झिरो सरकण्याच्या तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारींत स्कोप निर्दोष असतो आणि दोष त्याच्या खाली असतो: बेसचा, म्हणजे रिंगांखालच्या पायाचा, एखादा स्क्रू ढिला असतो, रिंग रेलवर (रायफलवरच्या खाचांच्या पट्टीवर) नीट बसलेली नसते, किंवा रायफलचे यंत्र दस्त्याला जोडणारे स्क्रू सैल झालेले असतात. सगळे स्क्रू टॉर्क (आवळण्याचा जोर) दाखवणाऱ्या पान्यानेच आवळावेत. रिंगांच्या वरच्या स्क्रूंसाठी पुष्कळ उत्पादक सुमारे 1.7 ते 2 न्यूटन-मीटर इतका टॉर्क सांगतात. आपल्या रिंगांच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तो पाळावा. या बाबतीत ‘थोडे जास्त घट्ट असलेले बरे’ ही समजूत घातक आहे, कारण अति आवळलेली रिंग बाहेरची नळी दाबते, आतल्या नळीची हालचाल अडवते आणि वर कंपनीला ‘ग्राहकाने चुकीचे बसवले’ असे म्हणायला दाबाची खूणही मिळवून देते. त्या स्क्रूंना थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा चिकट द्रव) लावू नये, असे अनेक उत्पादक बजावून सांगतात. ओला असताना तो वंगणासारखे काम करतो आणि पान्यावर तोच आकडा दिसत असला तरी प्रत्यक्ष दाब वाढतो. झिरो करतानाच टरेट टोकाजवळ न्यावे लागले असतील तर तेही लक्षात घ्या, कारण टोकाला स्प्रिंगचा जोर आणि नळीची हालचाल यांवर भरवसा ठेवता येत नाही. तो दोष बहुधा बेसचा किंवा रिंगांचा निघतो.

हाताच्या चुकीविषयी मात्र थोडे गणित मांडतो, कारण मित्रांचे म्हणणे कुठे बरोबर आणि कुठे चूक हे त्यातून स्वच्छ दिसते. समजा, आपली रायफल आणि काडतुसे अशी आहेत की 100 मीटरवर दहा गोळ्या उभ्या दिशेने साधारण अडीच सेंटीमीटरांत पसरतात. अशा रायफलने एके दिवशी तीन गोळ्यांचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन गोळ्यांचा ग्रुप मारला, तर स्कोपला काहीही झालेले नसताना त्या दोन ग्रुपांच्या मध्यांत 1 सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त फरक सुमारे आठांत एकदा निव्वळ योगायोगाने पडतो. दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप असतील तर हाच योगायोग साधारण दोनशेत एकदा घडतो. म्हणजे तीन गोळ्या मारून ‘झिरो एक क्लिक सरकला’ असे आपण म्हणत असाल, तर मित्रांनी हसावे हे रास्तच आहे. पण आपल्या क्लिकच्या तक्रारीला हे गणित लागू पडत नाही. 0.1 मिलचे चार क्लिक म्हणजे 100 मीटरवर 4 सेंटीमीटर. अडीच सेंटीमीटरांत दहा गोळ्या ठेवणाऱ्या रायफलकडून 4 सेंटीमीटरचे सरकणे नेमके टरेट फिरवल्यावर गायब होते आणि दोन बारांनी परत येते, इतकी शिस्तबद्ध चूक कोणाच्या हातून होत नाही. त्या बाबतीत माझे मत आपल्या बाजूने आहे.

खात्री करून घ्यायचा सर्वांत सरळ मार्ग अदलाबदलीचा. आपल्या रायफलवर दुसऱ्या कुणाचा, भरवशाचा ठरलेला स्कोप बसवावा आणि तीच काडतुसे वापरून पाहावे. मग आपला स्कोप भरवशाच्या दुसऱ्या रायफलवर बसवावा. बिघाड स्कोपच्या मागोमाग गेला तर दोष स्कोपचा. तो आपल्या रायफलवरच राहिला तर कंपनीला लिहायचे कारणच उरले नाही. हे आपण पहिल्या स्कोपच्या वेळी केले असते तर ते एका कागदावर मांडून कंपनीपुढे ठेवता आले असते. या खेपेस दुसऱ्या स्कोपसाठी ते करा आणि क्लबातल्या त्याच शंकेखोर मित्रांपैकी एकाला साक्षीला घ्या. त्याची सही असलेला लक्ष्याचा कागद आपल्या दहा ईमेलांहून अधिक बोलेल.

आता तिरक्या फुलीकडे वळू. इथे एक फरक नीट ओळखला पाहिजे. स्कोप रिंगांत किंचित वळलेला बसला तर फुली तिरकी दिसते, पण तो स्कोपचा दोष नाही. रायफल खांद्याला लावताना आपणच ती कलती धरतो आणि फुली तिरकी वाटते, हा तर आणखी नेहमीचा प्रकार. खरा दोष तेव्हा, जेव्हा फुलीची उभी रेषा आणि टरेट फिरवल्यावर फुली ज्या दिशेने सरकते ती दिशा या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. हे तपासायला एकही गोळी लागत नाही. मोजून 100 मीटरवर एक ओळंबा सोडा. दोरी जाड आणि गडद असावी म्हणजे स्कोपमधून ठळक दिसेल. रायफल रिकामी करून, बोल्ट काढून, हलणार नाही अशा भक्कम पकडीत बसवा. पॅरॅलॅक्सची चकती (डोळा हलला तरी फुली लक्ष्यावरून सरकलेली दिसू नये यासाठीची) त्या अंतराला जुळवा आणि रायफलला स्पर्श न करता डोके किंचित हलवून पाहा. फुली दोरीवरून सरकत असल्याचा भास होत असेल तर जुळणी अजून व्हायची आहे. मग फुलीची उभी रेषा ओळंब्याशी तंतोतंत जुळवा, त्यासाठी स्कोप रिंगांत वळवावा लागला तरी चालेल. आता वरचा टरेट 5 मिल, म्हणजे 50 क्लिक फिरवा. फुलीचा मध्य दोरीवरूनच सरकला तर स्कोप ठीक आहे, बसवण्यात चूक होती. तो दोरी सोडून बाजूला गेला तर दोष आतला आहे आणि किती आहे तेही लगेच मोजता येते: 50 सेंटीमीटर उंचीला बाजूचे 9 मिलीमीटर म्हणजे जवळपास 1 अंश.

एवढ्याने काय बिघडते असे कंपनीचा प्रतिनिधी म्हणेल, म्हणून उत्तर तयार असू द्या. फुली 2 अंश तिरकी असेल आणि 800 मीटरसाठी आपण 8 मिल चढवले, तर केवळ त्या कलापायी गोळी सुमारे 22 सेंटीमीटर बाजूला जाते. वाऱ्याचा हिशेब त्यानंतर सुरू होतो. जो स्कोप टरेट फिरवून लांबवर मारण्यासाठीच म्हणून विकला जातो, त्यात ही किरकोळ बाब नव्हे. कोणतीही वस्तू शून्य चुकीने बनत नाही हेही खरे, आणि थोडाफार कल उत्पादक सहनसीमेत धरतात. ती सीमा किती, हे विचारा. आकडा सांगायला कंपनी तयार नसेल तर ‘आमच्या मानकांत बसते’ या तिच्या उत्तराला काही अर्थ उरत नाही, आणि हे आपण पत्रात नम्रपणे पण स्पष्ट लिहू शकता.

त्याच पकडीत दुसरी मोजणीही उरकून घ्या. ओळंब्याशेजारी उभी पट्टी लावून 5 मिल चढवल्यावर फुली प्रत्यक्ष 50 सेंटीमीटर सरकते का ते पाहा. ती 49 सेंटीमीटर सरकली तर चूक 2 टक्के झाली. पण आधी अंतर पोलादी टेपने मोजा, कारण मैदान 100 मीटरऐवजी 98 मीटरचे निघाले तरी तितकीच चूक दिसते. आणि पाटीवरचे 100 हे गजांत असतील, तर 100 गज म्हणजे 91.44 मीटर, तिथे 8 टक्क्यांहून अधिक फरक पडून आपण नसलेल्या दोषावर भांडत बसू. मोजणी टरेटने करावी, फुलीवरच्या खुणांनी करू नये. ज्या स्कोपांत फुली मागच्या, म्हणजे डोळ्याकडच्या, प्रतलात असते त्यांत वर्धन (किती पट मोठे दिसते ते) बदलले की खुणांचे माप बदलते, आणि त्यावरून केलेल्या तक्रारी कंपन्या हसून बाजूला ठेवतात. शेवटी मैदानावर दहा गोळ्यांचा ग्रुप मारा, टरेट चारही दिशांना 5 मिल फिरवून मूळ जागी आणण्याचा फेरा दहा वेळा करा आणि पुन्हा दहा गोळ्या मारा. त्यानंतर चार क्लिक चढवून एक गोळी, चार उतरवून एक, असा क्रम काही वेळ चालवा. रेंगाळणारी नळी असेल तर ती इथे पकडली जाईल. प्रत्येक कागदावर तारीख, अंतर, काडतूस आणि स्कोपचा अनुक्रमांक लिहा. स्कोपवर विश्वास नाही तोवर मागे भक्कम मातीचा बांध असलेल्या मैदानाबाहेर ती रायफल चालवू नका, हे आपल्याला सांगायला नकोच.

हे सगळे हातात आल्यावर पत्र. त्याआधी हमीपत्र एकदा शांतपणे वाचा. ‘आजीवन हमी’ या शब्दांत आयुष्य कुणाचे धरले आहे, ग्राहकाचे की त्या मॉडेलचे. हमी फक्त पहिल्या खरेदीदाराला आहे की वस्तूबरोबर पुढे जाते. प्रकाशित फुलीच्या इलेक्ट्रॉनिक भागाची मुदत वेगळी आहे का (बहुधा असते आणि बरीच कमी असते). बदली म्हणून नवी वस्तू मिळेल की दुरुस्त केलेली जुनी, हे त्यात लिहिलेले असते. आपल्याला आलेला ओरखड्यांचा स्कोप पाहून आपण चिडलात, आणि चिडण्यासारखेच आहे ते, पण बदली वस्तू वापरलेली असू शकेल असे हमीपत्रात छापले असेल तर ओरखड्यांवर भांडण्यात शक्ती घालवू नका. तिरक्या फुलीवर जोर द्या. वस्तू वापरलेली होती, या सबबीखाली तो दोष झाकता येत नाही.

विक्रेत्याला मात्र इतक्या स्वस्तात सोडू नका. कंपनीची हमी ही कंपनीने स्वतःहून दिलेली असते. कायद्याने मिळणारा हक्क वेगळा, आणि तो अनेक देशांत विक्रेत्याविरुद्ध असतो, कारण पैसे आपण त्याला दिलेले असतात. आपण कोणत्या देशातून लिहिता हे पत्रात नाही, म्हणून उदाहरणेच देतो. युरोपीय संघात विक्रेता किमान 2 वर्षे जबाबदार असतो आणि पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातच होता असे गृहीत धरले जाते. ब्रिटनमध्ये 2015च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार एकदा दुरुस्ती किंवा बदली करूनही वस्तू सदोष राहिली, तर ग्राहक किंमत कमी करून मागू शकतो किंवा वस्तू नाकारून पैसे परत मागू शकतो. अमेरिकेत 1975च्या संघीय कायद्यामुळे लेखी हमी ‘पूर्ण’ आहे की ‘मर्यादित’ हे कंपनीला सांगावे लागते, आणि पुष्कळ हमीपत्रांवर दिसणारा ‘मर्यादित’ हा शब्द तिथूनच आलेला आहे. आपल्या ठिकाणचा नियम पाहून घ्या, मुदत संपत आली असेल तर आधी विक्रेत्याला लेखी नोटीस द्या आणि कंपनीशी चाललेला पत्रव्यवहार समांतर चालू ठेवा. ‘कंपनीशी बोला’ हा सल्ला असू शकतो. ते विक्रेत्याचे कायदेशीर उत्तर असेलच असे नाही.

दर वेळी वेगळ्या व्यक्तीने उत्तर देणे ही आपली सर्वांत मोठी चीड दिसते. ती पद्धत बदलणे आपल्या हातात नाही, पण तिचा त्रास कमी करता येतो. प्रत्येक वेळी नवा ईमेल न लिहिता पहिल्या तक्रारीच्या क्रमांकाखालीच उत्तर द्या, आणि सुरुवातीला पाच ओळींचा तोच तारीखवार सारांश चिकटवा. नवा माणूस आला तरी त्याला मागचे काही शोधावे लागणार नाही आणि ‘पुन्हा सगळे सांगा’ म्हणायला जागा राहणार नाही. फोनवर बोलणे झाले तर त्याच दिवशी ‘आपण असे सांगितलेत’ अशी नोंद लेखी पाठवा. रागाची विशेषणे सगळी काढून टाका. ‘भिकार’, ‘फसवणूक’ हे शब्द वाचले की तिथला कर्मचारी तयार उत्तराचा साचा काढतो. अंश आणि सेंटीमीटर वाचले की पत्र तंत्रज्ञाकडे पाठवण्यावाचून त्याला गत्यंतर राहत नाही.

मजकूर साधारण असा असावा:

‘महोदय, आपल्या कंपनीचा स्कोप झिरो धरत नसल्याने मी तो दोनदा पाठवला. पहिल्या वेळी दोष आढळला नाही असे कळवण्यात आले, दुसऱ्या वेळी तो बदलून देण्यात आला. बदली मिळालेल्या स्कोपची (अनुक्रमांक सोबत) टेपने मोजलेल्या 100 मीटर अंतरावर ओळंब्याशी चाचणी घेतली असता 5 मिल उंचीला फुली इतके मिलीमीटर बाजूला सरकते. म्हणजे कल इतके अंश आहे. छायाचित्रे आणि साक्षीदाराच्या सहीचे कागद जोडले आहेत. आपली सहनसीमा किती आहे, पहिल्या स्कोपची तपासणी धक्क्याखाली झाली होती का आणि तो कोणत्या कारणाने बदलला, हे लेखी कळवावे. मला आणखी एक दुरुस्त केलेला स्कोप नको आहे. नवा स्कोप पाठवण्यापूर्वी त्याच्या तपासणीचे आकडे द्यावेत, अथवा रक्कम परत करावी. अमुक तारखेपर्यंत उत्तर न आल्यास मी विक्रेत्याकडे आणि ग्राहक तक्रार यंत्रणेकडे दाद मागेन.’

तारीख वाजवी असावी, दोन ते तीन आठवड्यांची, आणि एकदा लिहिली की पाळावी. ‘उत्तर न आल्यास’ असे लिहून महिनाभर गप्प बसणारा ग्राहक कंपन्यांना चांगला ठाऊक असतो. स्कोप पुन्हा पाठवायची वेळ आली तर रिंग काढून पाठवा, प्रकाशित फुलीची बॅटरी आधी काढा, सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या आणि विमा उतरवा. स्कोप देशाबाहेर जाणार असेल तर आधी चौकशी करा, कारण रायफलचे स्कोप काही देशांत निर्यातनियंत्रणाखाली येतात, आणि सीमाशुल्कात अडकलेल्या पार्सलाची जबाबदारी कंपनी सहसा घेत नाही.

जाहीरपणे लिहायचे का? लिहा, पण त्या तारखेनंतर, आणि जे कागदावर आहे तेवढेच. ‘कंपनीने फसवले’ हे आपण सिद्ध करू शकत नाही. ‘दोनदा पाठवला, अमुक उत्तर मिळाले, बदली स्कोपचा कल इतके अंश भरला, पत्राला उत्तर आले नाही’ हे सिद्ध करू शकता. कर्मचाऱ्यांची नावे घेऊ नका. त्यांना मिळणाऱ्या सूचना त्यांनी ठरवलेल्या नसतात. खासगी पत्राला महिनोन्महिने उत्तर न देणाऱ्या काही कंपन्या जाहीर मजकुराला दोन दिवसांत उत्तर देतात, हे मला लाजिरवाणे वाटते, पण त्याचा उपयोग करून घेण्यात गैर काही नाही. फक्त आधी ओळंब्याची चाचणी करा. ती न करता लिहिले आणि खाली कुणी तीच करून पाहायला सांगितले, तर पुढची चर्चा कंपनीवर न होता आपल्यावर होईल.

विकून मोकळे होण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: चाचणीत स्कोप निर्दोष ठरला तर खुशाल विका, ओरखडे दाखवून आणि तो बदली मिळालेला आहे हे सांगून. सदोष ठरला तर न सांगता विकू नका, कारण मग आपल्या जागी तोच त्रास घेऊन दुसरा नेमबाज बसेल, आणि हमी फक्त पहिल्या खरेदीदारापुरती असेल तर त्याला पत्र लिहायचीही सोय उरणार नाही. दोष सांगून विकल्यास किंमत फारशी येणार नाही. तेव्हा आधी तीन आठवड्यांची मुदत देऊन वरचे पत्र धाडा, विक्रेत्याला द्यायची नोटीस त्याच दिवशी टाका, आणि दरम्यान मैदानावर जायचेच असेल तर अदलाबदलीसाठी मागून आणलेला मित्राचा स्कोप आणखी काही दिवस ठेवून घेता येईल का, ते त्याला विचारा.